हाडांची चुगली

"शिवन्या, हात पुस आणि ये," इंदलकर बाईंनी हाक मारली.

शिवन्या काळोखे मल्लखांबावरून सरकत खाली आली. कमरेचं फडकं ओढून तिनं दोन्ही मनगटं खसाखसा पुसली आणि बाकापाशी येऊन उभी राहिली. शनिवारचे सकाळचे सव्वासहा वाजले होते. कोरेगावच्या त्या जुन्या व्यायामशाळेत तीन मल्लखांब, एक दोर, चौदा मुली आणि एरंडेल तेलाचा वास, एवढाच संसार. खांबांना रोज एरंडेल चोळायचं, हातांना राळेची भुकटी लावायची आणि मग वर चढायचं. विजयाबाई इंदलकरांची चौतीस वर्षं या वासात गेली होती. तो त्यांच्या साड्यांना होता, चष्म्याच्या काड्यांना होता, घराच्या कडीलाही होता. त्यांना स्वतःला मात्र तो कधीच येत नसे.

बाईंनी शिवन्याच्या उजव्या मनगटावर बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी चिकटवली. शिवन्यानं बाकावर दोन्ही तळवे टेकले आणि अंगाचा भार हातांवर घेत दहा वेळा दाब दिला. बाईंच्या फोनवर आकडा उमटला. अठ्ठावन्न. त्याच्याभोवती लाल वर्तुळ.

"केली चुगली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप्प बसा गं," बाई म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

पट्टीचं खरं नाव अस्थिश्रवण पट्टी. मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकून टाकलं होतं. पोटातलं सगळं बाहेर सांगते म्हणून चुगली. पन्नासच्या आत आकडा असला की हिरवं, पन्नास झाले की लाल. राज्य स्पर्धेच्या निवडीआधीच्या तीन शनिवारांची वाचनं निवड समितीकडे पाठवायची आणि तिन्ही लाल आली तर त्या मुलीनं त्या हंगामात खेळायचं नाही, असा दोन वर्षांपूर्वी नियम झाला होता. मागच्या शनिवारी शिवन्याचे चोपन्न आले होते. आज अठ्ठावन्न. चौदा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि जिल्ह्यात तिच्या तोडीची मुलगी नव्हती. आता उरला होता एक शनिवार.

तिच्यामागे स्वरांगी बोबडे उभी होती. तिचे तळहात फार घामेजायचे, म्हणून ती कोपरापर्यंत राळ फासायची. तिनंही हात पुसले, भार दिला. अकरा. हिरवंगार.

"तुझं हाड आहे की लोखंड गं?" शिवन्या म्हणाली. स्वरांगी नुसती हसली आणि डाव्या हातानं पाण्याची बाटली उचलून बाजूला झाली.

"पण बाई, हिला तर काहीच दुखत नाही," रांगेतली एक चिमुरडी म्हणाली. "मग पट्टी खोटं कशाला बोलते?"

बाई निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवत होत्या. प्रश्न आला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. त्यांनी अंगणातली एक वाळकी काटकी उचलली, त्या चिमुरडीच्या कानाशी धरली आणि हळूहळू वाकवली.

"काही ऐकू येतंय?"

"बारीक कटकट होतेय."

"मोडली का?"

"नाही अजून."

"हेच ते. कोणतीही वस्तू मोडायच्या आधी आतल्या आत बारीक बारीक तडकते, आणि प्रत्येक तडकण्याचा आवाज होतो. आपल्या हाडांतही रोज असे सूक्ष्म तडे जातात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्री झोपेत शरीर ते बुजवतं आणि हाड आणखी पक्कं करतं. पण बुजवण्यापेक्षा तडकणं जास्त झालं, तर एक दिवस हाड हात टेकतं. हे आवाज इतके बारीक आणि इतके उंच पट्टीतले असतात की आपल्या कानाला कळत नाहीत. पट्टीला कळतात. दहा वेळा भार दिल्यावर किती आवाज झाले, ते ती मोजते."

"आणि मनगटच का?"

"ऊस पाहिलाय ना? ऊस वाढतो तो पेरापाशी. तुमचं हाडही टोकाशी वाढतं. तिथे कूर्चेची एक मऊ पट्टी असते, वाढपट्टी म्हणू या. मोठेपणी ती भरून येते. तुमच्या वयात ती मऊ असते, आणि तुम्ही तर हातांवर सगळं अंग तोलता. ती दुखावली आणि आपण तशीच रेटली, तर हाडाची वाढ थांबते."

बोलता बोलता बाई थांबल्या. फाटकातून तेलाचा डबा घेऊन शिवन्याचे वडील, महेश काळोखे, आत येत होते. डबा त्यांच्या डाव्या हातात होता. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, वेलीला आधार दिलेली काठी कलावी तसं.

महेश हा बाईंचा विद्यार्थी. सत्तावीस वर्षांपूर्वी, तेरा वर्षांचा असताना, तो याच खांबाच्या बोंडावर, म्हणजे अगदी वरच्या गोल टोकावर, दोन हातांवर मोरासारखा आडवा तरंगायचा. "बाई, मनगट दुखतंय," असं तो दोनदा म्हणाला होता. "सोस थोडं," बाई म्हणाल्या होत्या. त्या काळी सगळेच असं म्हणायचे. त्यानं सोसलं. एका बाजूच्या हाडाची वाढ थांबली, दुसरं वाढत राहिलं आणि हात वाकडा झाला. महेशनं कधी बोलून दाखवलं नाही. उलट वडिलांचा तेलघाणा हातात घेतल्यापासून व्यायामशाळेचं एरंडेल तो स्वतः गाळून आणायचा. पण तो डबा खाली ठेवायचा तेव्हा बाई दुसरीकडे बघायच्या.

"काय आलं?" महेशनं विचारलं.

"अठ्ठावन्न."

"मी रोज सकाळी चोळून देतोय की! पहिलं लाल आल्यापासून तर दोन वेळा. कोमट करून, पार मनगटात जिरेपर्यंत." तो जवळ आला आणि आवाज खाली आणला. "बाई, पुढल्या शनिवारी डाव्या हाताचं वाचन घ्या. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"पोरीला काही होत नाहीये. उड्या मारतेय."

"तूही मारत होतास, महेश."

त्यानं उजवा हात मागे नेला. मग म्हणाला, "तेव्हा मला म्हणालात, सोस. आता हिला म्हणताय, बस. आमच्या घराचं आणि तुमचं जमणारच नाही असं दिसतंय."

तो हसत बोलला होता, पण वाक्य लागायचं तिथे लागलं. बाई पुढच्या मुलीकडे वळल्या. त्या रविवारपासून त्यांनी शिवन्याला खांबाला हात लावू दिला नाही.

चार दिवस शिवन्या कट्ट्यावर बसून इतरांच्या उड्या मोजत होती. तेरा वर्षांच्या मुलीला बसवून ठेवणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवणं. बुधवारी बाईंनी सहज तिचं वाचन घेतलं. विश्रांतीनंतर आकडा उतरायला हवा होता. आला त्रेसष्ट.

"हे कसं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. चार दिवस भार नाही, तरी तडे वाढले? हाड काय स्वप्नात मल्लखांब करतंय? काहीतरी भलतंच दुखणं असलं तर? रात्रभर त्यांना महेशचं मनगट दिसत राहिलं. गुरुवारी सकाळी त्या बापलेकींना घेऊन सातारच्या डॉक्टर नाझनीन मुजावरांकडे गेल्या. बाईंच्याच शाळेत शिकलेल्या नाझनीन लहान मुलांच्या हाडांच्या तज्ज्ञ होत्या, आणि अतिशय बडबड्या.

डॉक्टरांनी आधी शिवन्याचं मनगट बोटांनी दाबून पाहिलं, पिळलं, वाकवलं. "इथे दुखतं? इथे? खोटं सांगितलंस तर इंजेक्शन."

"खरंच नाही दुखत."

"बरं, सोनोग्राफी करू." त्यांनी मनगटावर गार जेलचा मोठा गोळा ओतला.

"ई! बाबांचं तेल बरं याच्यापेक्षा," शिवन्या म्हणाली.

"तेलही चाललं असतं गं. कातडी आणि यंत्र यांच्यात हवेची जराशी फट राहिली तर हा उंच आवाज पलीकडे जातच नाही, तिथल्या तिथे परत फिरतो. म्हणून मध्ये काहीतरी ओलं, दाट लागतं. पाण्याखाली कान लावून बसणारी यंत्रं असतात ना, त्यांच्या पोटात एरंडेलच भरतात. हे बघा हाड. किती सुरेख! वाढपट्टीही झकास आहे. हिला काहीही झालेलं नाही."

महेशनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाई मात्र खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या.

"नाझनीन, पुन्हा सांग. एरंडेलातून आवाज जास्त जातो?"

"हवेच्या मानानं? प्रश्नच नाही."

"आणि कोरडी भुकटी मध्ये असेल तर?"

"भुकटी म्हणजे हवाच की. कणाकणाच्या मध्ये हवा. काही ऐकू येणार नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत बाई मनाशी जुळवाजुळव करत होत्या. पट्टीबरोबर आलेल्या कागदावरची पहिली ओळ त्यांना तोंडपाठ होती: त्वचा स्वच्छ असावी. त्या रोज म्हणत आल्या होत्या, हात पुस आणि ये. फडक्यानं पुसलं की त्यांच्या लेखी मनगट स्वच्छ. सगळ्या जन्माचं फडकंच तेलकट. त्यानं पुसलेला हात कसा स्वच्छ होईल, हा प्रश्न त्यांना दोन वर्षांत पडला नव्हता. दुसऱ्या कुणी तिऱ्हाइतानं हात धरताच नाक मुरडलं असतं. पट्टीखाली स्वतःचा जेलचा थर होता, तो धुतलेल्या कातडीसाठी बेताचा. तेल मुरलेल्या मनगटावर ती पट्टी नको इतकं ऐकत होती. महेश जितकं मायेनं चोळत होता, तितका लेकीचा आकडा चढत होता.

व्यायामशाळेत शिरताच बाईंनी आपल्याच म्हाताऱ्या मनगटावर प्रयोग केला. साबणानं धुऊन आकडा आला सव्वीस. तेल चोळून, फडक्यानं पुसून, नवी पट्टी लावली, एकावन्न.

"म्हणजे बाई, तुम्हीही संघाबाहेर!" शिवन्या टाळ्या पिटत म्हणाली. महेश खो खो हसत सुटला. बाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मग एकदम थांबल्या.

तिसरा प्रयोग राहिला होता. त्यांनी पुन्हा हात धुतला, कोरडा केला, राळेची चिमूट चोळली, पुसली, पट्टी लावली.

सात.

सव्वीसचे सात. बाई उभ्याच राहिल्या. त्यांच्यासमोर दुसराच एक आकडा आला. अकरा. आणि डाव्या हातानं उचललेली पाण्याची बाटली. स्वरांगी तर सगळं उजव्या हातानं करणारी. दूध पिताना ती पेला कोणत्या हातात धरते? चप्पल कोणत्या हातानं उचलते? गेल्या महिन्यात डावा, डावा, डावा. हे सगळं बाईंनी पाहिलं होतं, पण त्यांचं लक्ष फोनवरच्या हिरव्या वर्तुळाकडे होतं.

संध्याकाळी स्वरांगी सरावाला आली तेव्हा बाईंनी तिला मोरीवर नेलं आणि कोमट पाण्यानं, साबणानं, तिचा हात कोपरापर्यंत स्वतः धुतला. उजव्या मनगटाशी बोटं आली तशी मुलगी किंचित आक्रसली.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही, बाई."

"स्वरांगी."

"... दिवाळीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पट्टी हिरवं म्हणायची. मला वाटलं, मीच नाटक करतेय."

बाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. सत्तावीस वर्षांपूर्वी एका मुलाला त्यांनी सोस म्हणून सांगितलं होतं. या मुलीला तेच सांगितलं गेलं, पण शब्दांनी नव्हे, हिरव्या रंगानं. त्यांनी तिचा ओला हात कोऱ्या रुमालानं टिपला.

"नाटक नाही गं," त्या म्हणाल्या. "दुखतंय म्हणजे दुखतंय. आकडा कितीही येऊ दे."

नव्या पट्टीवर आकडा आला बहात्तर.

रात्री नऊपर्यंत त्या पुन्हा साताऱ्यात होत्या, या वेळी स्वरांगी आणि तिची आई यांच्याबरोबर. गाडी महेशच चालवत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीच्या चित्रात वाढपट्टी एका कडेला रुंदावलेली दिसत होती. डॉक्टर मुजावर या खेपेला फारशा बडबडल्या नाहीत. चित्र दोनदा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"हाडाची वाढ थांबलेली नाही. अजून दोन महिने अशीच खेळली असती तर थांबली असती. आता मनगटाला आधार बांधायचा, सहा आठवडे हातावर भार नाही. पूर्ण बरी होईल. पूर्ण म्हणतेय मी, ऐकलं का?"

स्वरांगीच्या आईनं खुर्चीच्या पाठीला हात टेकला. बाहेर, दवाखान्याच्या पायरीवर, महेश आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरून बसला होता. बातमी कळल्यावर त्यानं इतका लांब श्वास सोडला की पायरीवरचं कुत्रं उठून बसलं.

"सुटली पोर," तो म्हणाला.

शुक्रवारी बाईंनी निवड समितीला पत्र लिहिलं. शनिवारी शिवन्याचा हात नुसता धुऊन वाचन पाठवलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. पण कोरेगावात झालं ते तेल आणि राळ असलेल्या प्रत्येक व्यायामशाळेत होत असणार. बाईंनी स्वरांगीचे अकरा आणि बहात्तर, आणि बाकीच्या तेरा मुलींचे आकडे, तेलासकट, राळेसकट आणि साबणासकट, मांडून पाठवले. शेवटी लिहिलं: चूक पट्टीची नाही, माझी आहे. स्वच्छ म्हणजे काय, ते मी चौतीस वर्षांत विसरले होते. वाचन घेण्याचा माझा परवाना काढायचा असल्यास काढावा, पण ही सूचना आजच सगळीकडे जावी.

शनिवारी समितीनं एक तरुण तंत्रज्ञ पाठवला. फाटकातून आत येताच त्यानं नाकाला रुमाल लावला.

"केवढा वास आहे हा तेलाचा!"

"बघा," बाई मुलींना म्हणाल्या, "असा एक माणूस आपल्याला दोन वर्षांपूर्वीच हवा होता."

त्यानं स्वतःच्या हातानं मनगटं धुतली, स्वतः पट्ट्या लावल्या. शिवन्याचे एकतीस आले. जुनी दोन वाचनं रद्द झाली. परवाना काही कुणी काढला नाही. उलट, बाईंचा तक्ता महिन्याभरात राज्यभरच्या मल्लखांबाच्या शाळांत भिंतीला लागला.

शिवन्या राज्य स्पर्धेला गेली आणि दुसरी आली. पहिली का नाही आली, याचं स्वरांगीनं आधार बांधलेल्या हातानं हवेत रेघा ओढत बारकाईनं विश्लेषण केलं. "उतरताना गुडघा वाकला तुझा. मी असते तर..."

"तू असतीस तर मी तिसरी आले असते. गप्प बस."

सातव्या आठवड्यातल्या शनिवारी व्यायामशाळेच्या दारात एक नवी सिमेंटची मोरी होती. महेशनं बांधून घेतलेली. बंबात पाणी तापत होतं, शेजारी साबणाच्या वड्यांची थाळी. मुली ओळीनं हात धूत होत्या आणि एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. बाकावर बाई बसल्या होत्या, फोन मांडीवर पालथा घालून. हल्लीची त्यांची पद्धत ही होती. आधी मुलीकडे बघायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर वहीत लिहायचं, आणि मगच फोन उलटा करायचा.

स्वरांगीची पाळी आली.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं?"

"खरं, बाई. काल भरलेली कळशी उचलली. उजव्या हातानं."

बाईंनी वहीत लिहिलं. मुलीनं दहा वेळा भार दिला. आख्खी रांग मान लांबवून उभी होती. बाईंनी फोन उलटा केला.

एकोणतीस.

पुढचा गोंधळ शांत व्हायला बराच वेळ लागला. त्या आरडाओरड्यातच महेश तेलाचा डबा घेऊन आला आणि नेहमीच्या जागी ठेवून उभा राहिला. या वेळी बाईंनी नजर वळवली नाही. त्यांनी त्याचं वाकडं मनगट दोन्ही हातांत घेतलं.

"दुखतं का रे अजून?"

महेश दचकला. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्याला या जागी कुणी विचारला नव्हता.

"थंडीत जरा," तो म्हणाला. "बाकी नाही, बाई. खरंच."

"बस इथे."

त्यांनी डब्यातलं तेल ओंजळीत घेतलं आणि त्याचं मनगट चोळायला सुरुवात केली. पोरी भोवती गोळा झाल्या.

"बाई, आता बाबांना पट्टी लावू नका हं," शिवन्या म्हणाली. "लाल येईल."

"येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि चोळत राहिल्या.